एक हजार नऊशे घोडे

मोटारीविषयी मत देण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे लोक फार तर लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन तपासून घ्यायला येतात. माझी स्वतःची गाडी आठ वर्षांची आहे. तिच्या पोटात काय चालते याविषयी माझे ज्ञान एवढेच की पेट्रोल घातले म्हणजे ती चालते आणि नाही घातले म्हणजे मी चालतो. अशा माणसाच्या गळ्यात गेल्या दिवाळीच्या तोंडावर सोळा कोटींच्या मोटारीची पारख करण्याचे काम पडले, हे ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये जो हशा पिकला तो अगदी रास्त होता.

त्याचे असे झाले. माझा थोरला भाऊ काटोलकडे संत्र्याची शेती करतो. आंबिया बहाराचा माल घेऊन तो कळमन्याच्या बाजारात आला की रात्री आमच्याकडे मुक्कामाला असतो. त्या शनिवारी आला तेव्हा त्याच्याबरोबर माझा पुतण्याही होता. पोरगा नागपुरातच इंजिनिअर झाला. लहानपणापासून वहीच्या समासात मोटारी काढायची त्याला खोड. त्या समासापायी मास्तरांचा मारही त्याने पुष्कळ खाल्ला. आता त्याला इटलीतल्या तुरीन शहरी, मोटारीची आकृती कशी बेतावी हे शिकवणाऱ्या एका शाळेत जागा मिळाली होती. दोन वर्षांचा खर्च तीस लाखांच्या घरात. दादाने नव्या ट्रॅक्टरसाठी म्हणून सात लाख बाजूला टाकले होते, ते जाणार आणि वर तीन एकर बाग बँकेकडे गहाण पडणार.

जेवण झाल्यावर दादाने सुपारी कातरता कातरता मला विचारले, "प्रोफेसर, तू एम. ए. झाला हाय. मले एकच सांग. हा म्हणते, तिकडं एक मोटार करतात, तिले सोळा कोटी पडतात. थे मोटार सोळा कोटींची हाय का नाई? असन तर थो धंदा खरा. नसन तर थे लोकाईले फसवणं झालं, अन् लोकाईले फसवणं शिकाले मी बाग गहाण टाकत नाई."

मी म्हटले, "दादा, माझा विषय संतवाङ्मय."

"म्हणूनच तुले विचारून राह्यलो. तुले ते घ्याची नाई, विकाची नाई."

या युक्तिवादापुढे मी काय बोलणार? शिवाय पुतण्या माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता, की जणू परीक्षेचा निकाल माझ्याच खिशात आहे.

ती मोटार कोणती, हे आधी सांगायला हवे. तिचे नाव बत्तिस्ता. पिनिनफरिना हे तुरीनचे जुने घराणे. बत्तिस्ता फरिना नावाच्या कारागिराने १९३० साली ते सुरू केले. हा अकरा भावंडांतला दहावा. घरात त्याला 'पिनिन' म्हणत, म्हणजे आपल्याकडचे 'धाकलू' म्हणा ना. त्या लाडाच्या नावाने तो इतका ओळखला जाऊ लागला, की १९६१ साली इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने 'पिनिनफरिना' हे त्याचे अधिकृत आडनाव झाले. टोपणनावाचे आडनाव सरकारी मोहोरेने होते हे वाचून माझ्यातल्या मराठीच्या मास्तराला फार समाधान वाटले. हे घराणे जन्मभर दुसऱ्यांच्या मोटारींना रूप देत आले. फेरारीच्या कितीतरी मोटारी याच घराण्याच्या हातून घडल्या. १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यात यांची 'चिसितालिया' होती. चित्रे आणि पुतळे ठेवायच्या दालनात मोटार ठेवली गेली. पुतण्या ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणतो, जणू देवळात बोलतो आहे.

आणि गंमत अशी की हे घराणे आज आपल्याच माणसांचे आहे. डिसेंबर २०१५ मध्ये महिंद्रांनी ते घेण्याचा करार केला. २०१८ साली त्यातून मोटारींसाठी वेगळी कंपनी निघाली, मूळ पुरुषाच्या नावाची मोटार २०१९ च्या जिनिव्हाच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली आणि २०२२ पासून ती तयार होऊ लागली. दीडशेच काढायच्या, एकशेएक्कावन्नावी नाही, असे कंपनीने आधीच जाहीर करून टाकले. तुरीनजवळच्या कांबियानो गावी ती हाताने जुळवतात. एकेका मोटारीला साडेबाराशे तासांहून अधिक काम पडते. चार चाकांना चार विजेच्या मोटरी, सगळ्यांचे मिळून एक हजार नऊशे घोड्यांचे बळ. उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग दोन सेकंदांच्या आत. किंमत सुमारे वीस लाख युरो. २०२२ च्या दराने सोळा कोटी रुपयांच्या वर, आणि भारतात आणायची तर त्या वर्षी अशा तयार मोटारीवर जकातच शंभर टक्के होती, म्हणजे आकडा तीस कोटींच्या पलीकडे.

हे सगळे ऐकून दादा म्हणाला, "महिंद्रा? आपल्या हिंगण्याचे?"

पुतण्या म्हणाला, "तेच."

दादाने सुपारी तोंडात टाकली आणि बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी ठरवले की ज्या गोष्टीचा न्याय करायचा ती जर नागपुरात नाही, तर निदान तिचे नातेवाईक पाहून यावे. सकाळी सात वाजता आम्ही तिघे माझ्या गाडीतून निघालो. निघताना सौ.ने चहा देता देता आपला एक शब्द टाकलाच. तिच्याकडे करवतकाठी साडी आहे. आपल्या विदर्भातल्या टसर रेशमाची, काठाला करवतीच्या दात्यांसारखे टोकदार नक्षीकाम. ते दाते विणायला तीन धोटे लागतात. काठाचा एक, अंगाचा एक, दुसऱ्या काठाचा एक, आणि प्रत्येक ओळीला तो धागा हाताने दुसऱ्यात अडकवावा लागतो. यंत्रमागावर त्याची नक्कल निघते, पण उलटी बाजू पाहिली की कळते. ती म्हणाली, "ही घेतली तेव्हा तुम्ही महिनाभर कुरकुरत होतात. तेवढ्यात सहा साड्या आल्या असत्या म्हणून. आता सहा कुठे आहेत आणि ही कुठे आहे?" मी म्हटले, साडी नेसता येते. ती म्हणाली, "वर्षातून दोनदा." हा मुद्दा माझ्या बाजूचा होता की तिच्या, हे मला अजून उलगडलेले नाही.

कस्तुरचंद पार्कापाशी तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय नागपूरकराची बुद्धी चालत नाही. पोह्यावरच्या लाल तर्रीने डोळ्यांत पाणी आले तसे आम्ही उठलो आणि पलीकडेच असलेल्या झीरो माइलच्या दगडापाशी गेलो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. इंग्रजांच्या काळात सबंध देशाची मोजणी झाली, त्या मोजणीचा हा १९०७ सालचा दगड. शेजारी वाळूच्या दगडाचा खांब आणि चार घोडे, पाय उचललेले. हा भारताचा अगदी मध्य, असे आम्ही पाहुण्यांना ठासून सांगतो. भूगोल शिकवणारे माझे स्नेही तेवढ्यापुरते दुसरीकडे पाहतात. दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. फुटाचा हजारावा भाग! तो मोजण्यासाठी किती माणसे किनाऱ्यापासून दुर्बिणी आणि पट्ट्या वाहत इथवर आली असतील, आणि आज रिक्षावाला त्या दगडाला टेकून विडी ओढतो.

दादाचे लक्ष दगडाकडे नव्हते, घोड्यांकडे होते. त्याने खिशातून कळमन्याच्या अडत्याची पट्टी काढली, तिच्या पाठीवर पेन्सिलीने गणित मांडले आणि आमच्यापुढे धरले. "चाळीस घोड्याचा ट्रॅक्टर सात लाखाले येते. म्हणजे घोडा पडला साडेसतरा हजाराले. तुह्या मोटारीचा घोडा चौऱ्याऐंशी हजाराले. पाचपट! काहून? त्याचे घोडे काय वेगळे चरतात?"

पुतण्याने सांगण्याचा प्रयत्न केला. ट्रॅक्टरचे घोडे सावकाश ओढतात, दिवसभर ओढतात. हे घोडे एका क्षणात उधळतात आणि तरी हाताबाहेर जात नाहीत. चार चाकांना चार मोटरी असल्यामुळे वळणावर आतल्या चाकाला कमी आणि बाहेरच्या चाकाला जास्त जोर देता येतो, तोही सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात. शंभराच्या वेगातून थांबायला तिला एकतीस मीटर पुरतात. दादा शेतकरी आहे. त्याने उधळणारे बैल पाहिले आहेत. उधळलेला बैल जागच्या जागी थांबवणे याची किंमत त्याला कळते. तो म्हणाला, "हां, थांबणं बराबर हाय." आणि मग, "पण त्याले इतल्या घाईनं जायचं कुठं असते?"

हा प्रश्न आम्ही तिथेच सोडला आणि हिंगण्याच्या रस्त्याला लागलो.

अंबाझरीच्या तलावावर सकाळची मंडळी फिरत होती. डोक्यावरून मेट्रो लोकमान्यनगरकडे जात होती. पुढे औद्योगिक वसाहत सुरू होते तिथे रस्ता रुंद होतो आणि झाडे विरळ होतात. महिंद्रांचा ट्रॅक्टरचा कारखाना याच भागात. रविवारची सकाळ, सगळे शांत. आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून उभे राहिलो. पाहण्यासारखे काही नव्हते, पण दादाला उतरायचे होते.

आमच्या घरातही एक ट्रॅक्टर आहे. १९६३ साली महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि बी-२७५ नावाचा ट्रॅक्टर आणला. आमच्या वडिलांनी तो माझ्या जन्माच्या दोन वर्षे आधी घेतला. घेताना आईच्या पाटल्या गेल्या. आजोबांनी तेव्हा वडिलांना हाच प्रश्न विचारला होता असे आई सांगायची. "या लोखंडाले इतले पैसे? एवढ्यात दहा बैलजोड्या येतीन." वडिलांनी काय उत्तर दिले ते आईला आठवत नव्हते. पाटल्या कशा होत्या तेवढे मात्र तिला शेवटपर्यंत आठवत होते. तो ट्रॅक्टर अजून गोठ्याशेजारी उभा आहे. दादा त्याच्यावर फवारणीचा पंप चालवतो आणि संध्याकाळी पाठ धरून घरी येतो.

कारखान्याच्या भिंतीकडे पाहत मी पुतण्याला विचारले, "खरे सांग. या मोटारीत काय खोटे आहे?" जो विद्यार्थी आपल्या आवडत्या कवीतले दोष सांगू शकत नाही, त्याने तो कवी वाचलेलाच नसतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

पोरगा जरा घुटमळला, मग प्रामाणिकपणे बोलला. मोटारीचा विजेचा साठा आणि मोटरी क्रोएशियातल्या रिमॅक नावाच्या कंपनीच्या आहेत. त्याच रिमॅकची स्वतःची 'नेवेरा' म्हणून मोटार आहे, तिच्या पोटात हेच सामान आहे. तिच्याही दीडशेच काढायचे ठरले आणि तिची किंमतही त्याच घरातली. म्हणजे वेगासाठी बत्तिस्ताच घ्यायला हवी असे नाही. जास्तीचे जे आहे ते अंगाचे, रंगाचे, आतल्या चामड्याच्या शिवणीचे, दार कसे उघडते त्याचे. आणि दीडशे म्हटले म्हणून लोक रांगा लावून उभे राहिले असेही झालेले नाही. २०२४ साली खुद्द माते रिमॅक यांनीच सांगितले की अशा विजेच्या मोटारींवरून श्रीमंत गिऱ्हाइकांचे मन उडते आहे. त्यांना पुन्हा गुरगुरणारे पेट्रोलचे इंजिन हवे आहे.

मला तो पोरगा त्या क्षणी फार आवडला.

आमच्या पिढीने दुर्मिळ वस्तू पाहिल्या नाहीत असे नाही. माझे सासरे बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत होते. सरकारी परवान्यांच्या त्या काळात कारखान्याने किती काढायच्या हे कारखाना ठरवत नसे. नंबर लागलेला माणूस स्कूटर घरी आणण्याआधीच छापील किमतीच्या वर विकू शके. तीच कथा मुंबईत बनणाऱ्या फियाटची. ती तरी मूळची कुठली? याच तुरीनची. आपल्या मध्यमवर्गाची तुरीनशी पहिली ओळख त्या फियाटच्या पाठीमागच्या बाकावर, सहा माणसे कोंबून बसताना झाली. ती दुर्मिळता कोणी ठरवून केलेली नव्हती आणि तिचा मान तर कोणीच मिरवला नाही, सगळ्यांनी शिव्याच घातल्या. करवतकाठीची दुर्मिळता आणखी निराळी. ती विणणारे हात कमी होत गेले म्हणून ती दुर्मिळ. बत्तिस्ता मात्र दीडशेवर थांबते ती कारखानदाराने थांबवली म्हणून. उद्या त्याने मनात आणले तर तो तीनशे काढील, फक्त मग पहिल्या दीडशे गिऱ्हाइकांना तोंड दाखवता येणार नाही. सोळा कोटींतला काही भाग हा त्याने मनात न आणण्याचा मोबदला आहे. या भागाची किंमत मी तरी शून्य धरतो. कोणी जास्त धरीत असेल तर त्याच्याशी माझे भांडण नाही, त्याचे पैसे आहेत.

दादाला हे सांगितले तेव्हा तो एकदम उसळला. त्याला राग आला तो मात्र भलत्याच ठिकाणी.

"म्हणजे भाव थो सोता ठरवते?"

"हो."

"अन् लोक देतात?"

"दीडशे लोक देतील असा त्याचा अंदाज."

"मी काल सत्तर कॅरेट घेऊन गेलो. माल पाह्यला, हातात घेतला, अन् थ्यानं बोट दाखवलं, की हा भाव. मी किती वर्सं झाडाले पाणी घातलं, किती दिवस तोडणी केली, कोणी इचारलं? नागपुरी संत्रा म्हणून सरकारचा शिक्का हाय म्हणतात. शिक्का कोणाच्या पोटात गेला?"

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे खरे. आमच्या वर्गात मी 'भाव' या शब्दाचे दोन अर्थ मोठ्या हौशीने सांगत असतो, मनातला भाव आणि बाजारातला भाव. मुले वहीत उतरवून घेतात. त्या सकाळी मात्र हा शब्द मला कधी नव्हे इतका एकेरी वाटला. दादाच्या प्रश्नाची गाठ मोटारीशी नव्हतीच. आयुष्यभर ज्याच्या मालाचा भाव दुसऱ्याने बोट दाखवून ठरवला, तो माणूस आपल्या मुलाला अशा ठिकाणी पाठवायचे की नाही हे ठरवत होता, जिथे करणारा आपल्या कामाचा भाव स्वतः सांगतो. ही गोष्ट त्याला एकाच वेळी अन्यायाची वाटत होती आणि हवीहवीशीही.

तिथून आम्ही शिवमडक्याला गेलो. नागपूरहून मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग इथून सुरू होतो. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचे ५२० किलोमीटर खुले झाले आणि जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा तुकडा जोडला गेला. एकूण ७०१ किलोमीटर. मी या रस्त्याने दोनदा गेलो आहे. रस्ता इतका सरळ आणि इतका सारखा, की वर्धा केव्हा गेले आणि अमरावती केव्हा आली याचा पत्ता लागत नाही, आणि डोळ्यावर झोप येते ती निराळीच. टोलनाक्याच्या अलीकडे एका टपरीवर आम्ही थांबलो. समोर पाटी होती, मोटारीला वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर.

पुतण्याने खिशातला फोन काढून आम्हाला एक चित्रफीत दाखवली. २०२३ साली ही मोटार भारतात आली होती. फेब्रुवारीत हैदराबादला विजेच्या मोटारींची शर्यत झाली तेव्हा ती तिथे होती आणि हा पठ्ठ्या रात्रीच्या गाडीने उभ्याने जाऊन तिला गर्दीतून पाहून आला होता. घरी मित्राच्या लग्नाचे कारण सांगितले होते, हे दादाला त्याच वेळी कळले. पुढे इंदूरजवळ पिथमपूरच्या चाचणी मार्गावर तिने ताशी ३५७ किलोमीटरचा वेग गाठला. फितीत एक निळसर रेघ डावीकडून उजवीकडे गेली. बस्स. आवाजसुद्धा नाही, नुसता वारा फाटल्यासारखा.

दादाने फीत पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदाही पाहिली. मग म्हणाला, "या रस्त्यानं गेली तर मुंबई किती वेळात?"

"दोन तास. पण बाबा, तिथवर पोचणार नाही. एकदा वीज भरली की ४७६ किलोमीटर, तेसुद्धा सावकाश चालवली तर. या वेगात त्याच्या कितीतरी आधी संपेल."

"अन् आपला ट्रॅक्टर?"

"ट्रॅक्टरला या रस्त्यावर बंदी आहे."

दादा इतका मोठ्याने हसला की टपरीवाल्याने मान बाहेर काढली. एकाच मालकाची दोन लेकरे, एकाला रस्त्यावर येऊ देत नाहीत आणि दुसऱ्याला रस्त्यावर पळू देत नाहीत!

चहा आला. आता माझा निकाल सांगायची वेळ झाली हे तिघांनाही कळले होते. मी वर्गात बोलतो तसा घसा खाकरला, आणि मग ते सोडून देऊन सरळ सांगितले. घेणाऱ्याच्या बाजूने विचारशील तर ही मोटार सोळा कोटींची नाही. वेग पाहावा तर तोच वेग रिमॅकच्या मोटारीत आहे आणि तो वापरायला रस्ता कुठे नाही. दुर्मिळपणा नुसता सांगण्याचा आहे. पुढे तिला जास्त किंमत येईल म्हणून कोणी घेत असेल तर तो जुगार आहे, आणि हल्लीची हवा त्या जुगाराच्या बाजूची दिसत नाही. पण दादा, तू मोटार घेणार नाहीस. तुझा मुलगा ती करायला शिकणार आहे. साडेबाराशे तास म्हणजे रोजचे आठ तास धरले तर एका माणसाचे पाच महिने. ते पाच महिने खरे आहेत. पत्र्याला, म्हणजे इथे कोळशाच्या धाग्यांच्या कवचाला, कुठे किती बाक द्यायचा म्हणजे वारा चिकटणार नाही आणि डोळ्यालाही बरे दिसेल, हे त्या घराण्याला १९३० पासून कळत आले आहे. घराण्याचे मालक बदलले, मोटारीचे पोट दुसऱ्याचे आले, पेट्रोल जाऊन वीज आली, तरी ते कळणे शिल्लक राहिले. आपल्याच महिंद्रांनी त्याचे पैसे मोजले. ट्रॅक्टर करणाऱ्याला ते का हवेसे वाटले असेल, याचा विचार कर.

"म्हंजे पाठवू म्हणतोस?"

"मोटार त्या किमतीची नाही म्हणतो. पोराला पाठव म्हणतो. आणि तीस लाख परत येतील की नाही हे मला माहीत नाही. तिथे शिकलेल्या प्रत्येकाला काम मिळत असेल असेही मी म्हणणार नाही. बाग तुझी आहे."

हा निकाल तर्कशास्त्राच्या मास्तरांना दाखवला तर ते मला नापास करतील. दादाने अट घातली होती, मोटार खरी तर धंदा खरा. मी मोटार खोटी ठरवून धंदा खरा म्हणत होतो. पण दादाने ती विसंगती काढली नाही. तो बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. संत्र्यांनी भरलेला एक ट्रक नाक्यातून आत गेला, मागे हिरवी जाळी बांधलेली.

मग त्याने अडत्याची ती पट्टी पुन्हा काढली. घोड्यांचे गणित होते तिच्या शेजारी थोडी कोरी जागा होती. ती आणि पेन्सिल त्याने पोराच्या पुढे सरकवली.

"आपला बी-दोनशे पंच्याहत्तर काढ बरं."

पोराने काढला. त्याला पाहायची गरज नव्हती. लांब नाक, पुढची लहान चाके, मागची मोठी, वर उघड्यावर लोखंडी बैठक, सुकाणूचा तिरपा दांडा. दहा-बारा रेघांत आमच्या गोठ्याशेजारचा ट्रॅक्टर त्या पट्टीवर उभा राहिला, मागे डाव्या चाकावरच्या पत्र्याला पडलेल्या पोचासकट.

दादाने चष्मा लावून पाहिले. बोट बैठकीवर ठेवले.

"हे जरा मागं घे," तो म्हणाला. "अन् खाली काही तरी दे. पाठ लय दुखते."

पोराने खोडरबर मागितले. टपरीवाल्याकडे ते नव्हते, तेव्हा त्याने जुन्या रेघेवरूनच नवी रेघ काढायला सुरुवात केली.